माळ्याचं घर, मजल्याचं घर

“मॅडम, वीस बाय चोवीसची जागा आहे. खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम. आणि एक जिना बसवा कुठंतरी.” माझ्याकडे घराचा नकाशा काढायला येणारा माणूस साधारण एवढंच बोलतो. शेवटचं वाक्य तर भाजीत मीठ टाकायला सांगावं तसं. दुमजली घर नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या सुरगाणा तालुक्यात स्लॅबबरोबर आलं, त्याआधी आपली सगळी झोपडीवजा बैठी घरं होती, असं तो धरूनच चाललेला असतो. मला ते पटत नाही. आमच्याकडचं जुनं घर दुमजलीच होतं. फक्त वरच्या मजल्यावर माणसं राहत नव्हती.

मी याच तालुक्यातल्या उंबरठाणकडची. बाबा शेतकरी, पण गावात घर उभं राहायचं असलं की हातात वाकस घेऊन पुढे असायचे. नाशिकला सिव्हिलचा डिप्लोमा करून मी परत आले आणि सुरगाण्यात नकाशे काढू लागले, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं की घर आधी कागदावर का काढायचं. त्यांच्या लेखी घराचा नकाशा जंगलात ठरायचा. बेचक्याच्या सरळ मेढी किती मिळाल्या आणि आढ्याला किती लांबीचं लाकूड मिळालं, यावर घर किती खणांचं ते ठरे. मेढ ते मेढ पाच-सहा हात, म्हणजे आठ-नऊ फूट, हा एक खण. तीन खणी, चार खणी, क्वचित पाच. खोल्या कोणी मोजत नसे.

साग किंवा ऐनाच्या मेढी जमिनीत पुरायच्या, बेचक्यात तुळया टाकायच्या, मधल्या उंच मेढींवर आढं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे. खिळ्याचं काम कमीच. पळसाच्या मुळ्यांचा वाख काढून त्याच्या दोरांनी बांधायचं. भिंती कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाच्या, त्यावर माती आणि शेण. छप्पर आधी भाताच्या पेंढ्याचं नि सागाच्या पानांचं, पुढं नळीच्या कौलांचं. पाख्यांचा उतार एवढा तीव्र की बाहेरच्या वळचणीखाली मोठ्या माणसाला वाकूनच शिरावं लागे. त्याचं कारण आभाळात आहे. येवला-नांदगावकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या तिप्पट-चौपट. एकाच नाशिक जिल्ह्यात मालेगावकडची जुनी घरं सपाट, मातीच्या धाब्याची आणि आमची उभ्या उताराची, हा फरक लोकांच्या आवडीनिवडीचा नव्हे.

पण उतार एवढा ठेवला की आढ्याखाली आपोआप उंची सुटते. तुळईच्या वर, पाख्यांच्या पोटात, मधोमध माणूस उभा राहील एवढी जागा. ती कोण रिकामी सोडेल? तुळयांवर बांबू आडवे टाकायचे, त्यावर कामट्यांची चटई, चटईवर शेणमातीचा लेप. झाला माळा. तो सगळ्या घरावर नसायचा. पुढच्या खणावर मोकळं, मधल्या नि मागच्या खणावर माळा. म्हणजे चुलीचा धूर आधी माळ्याच्या पोटाला लागे, मग कडेच्या फटींतून वर शिरे, तिथं रेंगाळे आणि कौलांतून बाहेर पडे. पावसाळ्यात सकाळी लांबून गाव पाहिलं तर प्रत्येक छपरातून वाफ निघाल्यासारखी दिसायची.

त्या धुराला तिथं काम होतं. आजीच्या माळ्यावर मी लहानपणी चढलेली आहे. शिडीला गजही नव्हते, एकाच लाकडाला पावलापुरत्या खाचा. वर नागली आणि वरईच्या कणग्या, टोपल्यांत राखेत घोळलेलं उडदाचं बियाणं, आढ्याला उलटी टांगलेली मक्याची कणसं, दुधीच्या सुक्या भोपळ्यात काकडीच्या बिया. एका कोपऱ्यात वाळवलेली मोहाची फुलं, दुसरीकडं इरली, नाडे, जुवाची जोतरं. सगळ्यावर काजळीचा पातळ थर. काजळी म्हणजे कीड नाही, एवढं साधं गणित. नागली तर अशी की नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. एखाद्या साली भात बुडालं तरी मागच्या सालांची नागली घरात असायची. भाताच्या मोठ्या कणग्या वजनामुळं खाली. त्या ठेवायच्याही कशा, तर पुढचं घर आणि चुलीचं घर यांच्या मधोमध, ओळीनं. तीच भिंत. साल बरं गेलं तर भिंत उंच, दिवाळीनंतर ती हळूहळू रिकामी होत जाणार, आणि ज्येष्ठात तर नुसतेच पोकळ बांबूचे ढोल उभे. घरात पाहुणा आला की कणग्यांकडं एक नजर टाकूनच त्याला घरची परिस्थिती कळायची.

त्या ओळीपाशीच कनसरीची जागा. आमच्या कोकणा आदिवासी घरांत धान्याची ही देवी, तिला वेगळी खोली कशाला लागेल? धान्य तिथं ती. पुढच्या खणात बैठक आणि रात्री पुरुषांचं झोपणं, एका बाजूच्या पडवीत बैल आणि शेळ्या, दुसऱ्या बाजूला उखळ-मुसळ नि जातं, मागं चूल आणि पाण्याची भांडी. नवीन लग्न झालेल्या जोडप्यासाठी कूड घालून एखादा खण बंद करायचे, तेवढंच. म्हणजे घराचा आराखडा खरं तर धान्यानं, गुरांनी आणि धुरानं आखलेला होता. माणसं उरलेल्या जागेत मावायची.

या घराचं मी गुणगान करणार नाही. आजीचे डोळे चुलीनं गेले. घरात दुपारी बारा वाजताही चिमणी लागे. बाळंतिणीच्या अंगावर पावसाळ्यात गोठ्याची ओल यायची. एका ठिणगीनं पेंढ्याचं छप्पर पेटलं की वर्षाचं बियाणं जायचं, आणि शेजारचंही. शहरातून आलेले काही हौशी लोक कुडाच्या भिंतीवरून हात फिरवतात नि “किती नैसर्गिक!” म्हणतात. त्यांनी एक आषाढ त्या घरात राहून दाखवावा. पण त्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि ती कारणं एकेक करून कशी सुटत गेली तो खरा इतिहास आहे.

सुरगाणा हे १९४८ पर्यंत संस्थान होतं. पवार घराण्यातले देशमुख इथले राजे. १९०१ च्या जनगणनेत या संस्थानात ३६० चौरस मैलांत ११,५३२ माणसं मोजली गेली. चौरस मैलाला बत्तीस. तेव्हा कमतरता माणसांची होती, लाकडाची नव्हती. घर जुनं झालं, किंवा त्या जागी आजारपणं लागोपाठ आली, तर लोक घर हलवायचे. छप्पर उतरवायचं, मेढी उपटायच्या, चांगल्या तेवढ्या खांद्यावर टाकून नव्या जागी पुरायच्या. कूड नवा, छप्पर नवं, मेढी मात्र आज्याच्या. आमच्या घरातल्या दोन मेढी तिसऱ्या जागेवर उभ्या होत्या, असं बाबा सांगत. बुंध्याजवळ जुन्या खाचा होत्या, त्यांत त्या घराची तुळई बसतच नव्हती.

या रानात माडी कोणाची? आजी म्हणायची, माडी सरकारची, माळा आपला. नाशिकचा सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहिला की तिच्या म्हणण्याचा अर्थ लक्षात येतो. तिथं वरचा मजला माणसांसाठी आहे आणि बघण्यासाठी आहे: वरून चौक दिसतो, आल्यागेल्याला खालून वर पाहावं लागतं. त्यासाठी दगडी जोतं, जाड भिंती, कडीपाटाची जमीन, भिंतीच्या पोटात दडवलेला अरुंद जिना, असा सगळा जामानिमा लागतो. वजन पेलणारी भिंत हवी. आमच्या कुडानं काहीच पेललेलं नव्हतं, तो नुसता पडदा. भार सगळा मेढींवर. दोन-तीन माणसं वर झोपली असती तर माळा मोडला नसता कदाचित, पण धुरात झोपणार कोण?

संस्थान विलीन झालं, जंगल राज्याच्या वनखात्याकडं गेलं आणि १९२७ चा वन कायदा आमच्या घरबांधणीत शिरला. रानातून मेढ आणणं हा आता गुन्हा होता, किंवा निदान गुन्हा ठरू शकत होता. मालकीच्या शेतातला साग तोडायचा तरी परवानगीचे कागद. लोकांनी जुन्या मेढी अधिकच जपल्या. भावाभावांच्या वाटण्यांत मेढी मोजून वाटल्या गेल्या. पण नवीन घरांचे खण आखूड झाले, आढं खाली आलं, आणि आढं खाली आलं की माळ्यावर उभं राहता येत नाही, रांगावं लागतं. कौलांच्या जागी पत्रा आला तसा उतारही सपाट झाला, कारण पत्र्याला एवढा उतार लागत नाही. माळा पहिल्यांदा घटला तो इथं.

दुसरा घाव रेशनच्या दुकानानं घातला, आणि तो मी वाईट म्हणणार नाही. अंत्योदयच्या कार्डावर महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळू लागलं तेव्हा पावसाळ्यातली उपासमार बरीच हटली. त्या कणग्यांच्या रिकाम्या ढोलांची भीती ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची किंमत कळते. पण मग दोन-तीन वर्षांची नागली साठवून ठेवायची कशाला? माळा घरातून उठून दुकानात गेला म्हणायचा. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचे गॅस सिलिंडर आले. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून चूल पूर्ण सुटली नाही, पण ती मागच्या खणातून उठून परसातल्या छपरात गेली. धूर घराबाहेर गेला, आणि माळ्यावर जे काही बियाणं उरलं होतं त्याला टोके लागले. आईनं एका साली राखेत घोळलेले उडीद काढले तर निम्म्यांना भोकं. चूल हलली हे कारण तिला लगेच कळलं. कृषी केंद्रातून पावडर आणायला सांगणाऱ्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसरा घाव घरकुलाचा. १९८५ च्या सुमाराला इंदिरा आवास योजना सुरू झाली, तिच्यातलं घर किमान वीस चौरस मीटरचं. २०१६ मध्ये तिची पंतप्रधान आवास योजना झाली, क्षेत्र पंचवीस चौरस मीटर झालं, म्हणजे २६९ चौरस फूट. आमच्याकडं आदिवासींसाठीच्या शबरी योजनेतली घरकुलंही तेवढीच. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा. पक्की भिंत, कडी-कुलूप लागणारं दार, साप-विंचवाची भीती कमी; बायकांना हे फार मोलाचं. पण त्यात माळा नाही, पडवी नाही, बैल नाहीत, कणगी उभी राहील अशी उंची आहे पण जागा नाही. म्हणून तालुक्यात कुठल्याही पाड्यावर जा, घरकुल आणि जुनं घर शेजारी-शेजारी उभी दिसतील. घरकुलात टीव्ही, कपाट, पोरांची दप्तरं आणि पाहुणे. जुन्या घरात चूल, शेळ्या, कणगी आणि म्हातारी. कागदावर एक कुटुंब, एक घर. प्रत्यक्षात कुटुंबानं आपलं घर दोन तुकड्यांत मांडलेलं असतं. माळ्याचं घर वरखाली होतं ते आता आडवं झालं, एवढंच.

आता माझ्याकडं येणाऱ्यांचं बघू. यांत आश्रमशाळेतले शिक्षक, एसटीतले, पोलीस भरतीत लागलेले हे पहिले. मग बोरगावकडं स्ट्रॉबेरीत चार पैसे मिळालेले. आणि दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत किंवा नाशिकच्या बांधकामांवर वर्षानुवर्षं राबलेली जोडपी. या शेवटच्या लोकांनी दुसऱ्यांच्या फ्लॅटच्या भिंती उचलल्यात, त्यामुळं हॉल-किचन-बेडरूम हा क्रम त्यांना माझ्यापेक्षा पाठ आहे. जागा गावठाणातली, भावांत वाटली गेलेली, त्यामुळं पसरायला वाव नाही; वर जाण्याशिवाय इलाज नाही. खाली आईबाप, वर मुलगा-सून. किंवा खाली थोरला, वर धाकटा. म्हणजे माणसं माळ्यावर चालली.

आणि इथं जिना येतो. वीस बाय चोवीस म्हणजे ४८० चौरस फूट. नऊ इंची भिंती वजा जाता आतली जागा सुमारे ४१६. मजल्याची उंची दहा फूट धरली, पायरी सात इंच उंच नि दहा इंच रुंद घेतली, तर सतरा उठाव होतात. सरळ जिना काढला तर तेरा-साडेतेरा फूट लांब, म्हणजे घराच्या निम्म्याहून जास्त लांबी त्यातच. मध्ये वळण देऊन दोन टप्प्यांत काढला तर साडेसहा बाय पावणेदहा, म्हणजे सुमारे त्रेसष्ट चौरस फूट. घराचा सहावा-सातवा हिस्सा, आणि तोही दोन्ही मजल्यांवर. आजीच्या खाचांच्या लाकडानं एक चौरस फूटही घेतलेला नव्हता. माणूस वर न्यायची किंमत ही अशी असते.

बरेच जण मग म्हणतात, जिना बाहेरून काढा. भावांना तो आवडतो, कारण वहिनीच्या स्वयंपाकघरातून जावं लागत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ चढतं आणि घसरून पडणारा माणूस ठरलेला असतो, बहुधा पाण्याचा हंडा घेतलेली सून. बाहेरचा जिना काढायचाच तर त्यावर स्वतंत्र पत्रा हवा, आणि तो पत्रा हिशेबात कोणीच धरलेला नसतो. मी शक्यतो जिना मागच्या भिंतीला लावते, आतून, पण मागच्या दाराजवळ. पुढची बैठक अख्खी राहते. सून खालच्या स्वयंपाकघरातून थेट वर जाऊ शकते, धाकट्याला वेगळं व्हायचं असेल तर मागचं दार त्याचं. जिन्याच्या पहिल्या टप्प्याखाली मोरी, दुसऱ्याखाली पाण्याची टाकी. संडास मात्र बाहेरच, मागच्या अंगणात, असं घरातली म्हातारी माणसं सांगतात. आणि मुलगा गुपचूप मला वर एक काढायला सांगतो. दोन्ही काढते. त्यावर वाद घालत नाही.

खालच्या घरात आईबापांची खोली चुलीच्या जवळ ठेवावी, वर नव्हे, हे मात्र मी भांडून घेते. वरची मोठी खोली रस्त्याच्या बाजूला असावी असं सगळ्यांना वाटतं, ती जुनी माडीची हौस. पण पाऊस आमच्याकडं नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून घराची पुढची बाजू त्या दिशेला असली तर मी खिडकी लहान करते आणि वर दोन फुटांचा छज्जा काढते. नाशिकच्या फ्लॅटमधली सरकती काचेची खिडकी इथं पहिल्याच आषाढात आतून वाहते. नाशिक जिल्हा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतो, त्यामुळं कॉलम खालून वरपर्यंत एकाच रेषेत हवेत. “वरची भिंत जरा पुढं घ्या” हा आग्रह मी ऐकत नाही. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. मेढीवर मेढ, ते म्हणाले, नाहीतर तुळई बसणार कुठं?

पण खरी गंमत स्लॅबच्या वर आहे. सपाट स्लॅब म्हणजे मालेगावकडचं धाबं. कोरड्या मुलखातली चीज आम्ही ओल्या मुलखात आणली. दोन-तीन पावसाळे ती टिकते, मग वरच्या खोलीच्या छताला नकाशे उमटतात, माझ्याहून सुबक. मग घरमालक काय करतो? स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करतो आणि दुपाखी पत्रा टाकतो, चांगल्या उताराचा. पत्र्याखाली जागा सुटते. पहिल्या वर्षी तिथं कपडे वाळतात. दुसऱ्या वर्षी खुरासणी आणि उडीद. मग मोहाची फुलं, कांदे, पेंढा, जळण, मोडकी सायकल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या घरातली बाई कुठूनतरी एक बांबूची कणगी पैदा करते. धूर नाही, त्यामुळं बियाणं तिथं टिकत नाही, पण दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली ते कडक वाळतं, आणि मग ते झाकणाच्या कोठीत भरून ठेवायचं, अशी नवी रीत बायकांनी आपसांत बसवलेली दिसते.

त्या पत्र्याचा आणखी एक उपयोग आहे, जो कोणी करत नाही याचा मला राग येतो. ४८० चौरस फूट म्हणजे सुमारे पंचेचाळीस चौरस मीटर. पाऊस १८०० मिलिमीटर धरला तर एका घराच्या छपरावर वर्षाला ऐंशी हजार लिटर पाणी पडतं. आणि त्याच घरातल्या बाया एप्रिलमध्ये हंडे घेऊन दरीत उतरतात. आजीच्या घराच्या वळचणीखाली भांड्यांची रांग लागायची. पागोळ्यांचं पाणी गुरांना आणि धुण्याला. पत्र्याला पन्हळ लावून ते पाणी जिन्याखालच्या टाकीत सोडायला खर्च फार नाही. टाकी दोन-तीन हजार लिटरचीच बसते, उन्हाळा काही त्यावर निघत नाही हे मला माहीत आहे. पण मार्चचे काही आठवडे निघतात.

हे सगळं पाहून मी आता तो तिसरा थर आधीच नकाशात दाखवते. स्लॅबला मुद्दाम उतार, त्यावर कॉलमच्या रेषेतच पाइपचे खांब, म्हणजे वादळात पत्रा उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडणार नाही. मधोमध सात फूट उंची, कडेला साडेतीन. वाऱ्याला दोन्ही टोकं उघडी, पण जाळी लावून, कारण माकडं. नकाशावर त्या जागेत “धान्य व वाळवण” असं लिहिते. गिऱ्हाईक विचारतं, तिथपर्यंत जिना न्यायचा का? नेत नाही. आणखी त्रेसष्ट चौरस फूट कोण देणार! वरच्या पॅसेजच्या छतात अडीच फुटी चौकोनी झाकण आणि भिंतीला अडकवलेली लोखंडी शिडी. पोतं खांद्यावरून चढवायचं नाही, झाकणाच्या वर एक कडी ठेवलेली असते, तिला दोर घालून ओढायचं. कडी स्लॅब ओतायच्या आधीच सळईला बांधायला सांगावी लागते. मिस्त्री विसरतो, म्हणून ती मी नकाशात लाल शाईनं काढते.